घरात पाणी शिरलेल्या पोरानं मोरावर लिहिलं

जुलै 2021 च्या पुरात माझ्या वर्गातल्या एका पोराच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पुढच्या वर्षी तो आठवीत माझ्याकडं आला. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध दिला, तर त्यानं लिहिलं, ‘पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे. मोर पिसारा फुलवून थुईथुई नाचतो.’

आमची शाळा कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात, नदीकाठच्या गावात. वर्गात 42 पोरं. मोर नाचताना कुणी कुणी बघितलाय, असं विचारलं तर एकही हात वर आला नाही. पाणी मात्र सगळ्यांनी बघितलेलं. तरी बहुतेक वह्यांत मोर होता, इंद्रधनुष्य होतं, कागदाची होडी होती. मी मराठी शिकवते, आणि त्या वह्यांवर मीच दहापैकी सात, दहापैकी आठ असे गुण घालून मोकळी झाले होते. त्या रात्री ते फार लागलं मनाला. ही वही वाचणारी या जगात मी एकटी. मला काय वाचायला हवंय याचा पोरांनी अंदाज बांधला आणि तेवढंच लिहून दिलं.

पावसाळ्यात आपल्याकडं प्रत्येकाच्या मोबाइलवर एक ओळ येते. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, पाणीपातळी इतके फूट इतके इंच. 39 ला इशारा, 43 ला धोका. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, तेही. आठवीतलं पोरगंसुद्धा ती ओळ सकाळी उठल्याउठल्या वाचतं आणि घरात ओरडून सांगतं. ती वाचून गोठ्यातली जनावरं सोडायची की थांबायचं, हे घराघरांत ठरतं. कुणीतरी बघून लिहितो आणि कुणाला तरी त्याची गरज असते. पोरांच्या लिहिण्याला असा वाचणारा कुठून आणायचा, हाच माझा प्रश्न होता.

म्हणून वर्गाचा ब्लॉग सुरू केला. ब्लॉगर ही ब्लॉग लिहायची वेबसाइट फुकट आहे, 1999 पासून आहे, आणि त्याला पत्र लिहिण्यापेक्षा जास्त काही यावं लागत नाही.

त्या पोराला म्हटलं, मोर राहू दे. पाणी आलं त्या रात्री तू काय केलंस तेवढं लिही. त्यानं नऊ ओळी लिहिल्या. त्यातल्या दोन इथं देते. ‘आज्जानं भिताडावर विटकरीनं रेघ वढली. मला म्हणला, रेघ बुडली की हाक मार.’

नऊ ओळींची ती नोंद टाकली. चार दिवसांनी आमच्याच गावच्या, आता पुण्यात नोकरी करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला: म्हशी पाण्यातनं चालवत नेल्या की पोहत? दावं हातात धरलं होतं का?

त्याला सांगता येईना. घरी जाऊन आज्जाला विचारलं. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत तो दारात उभा. ‘मॅडम, दावं सोडायचं असतंय. म्हस आपल्याआपण पवती, आपण शेपूट धरायचं. रेडकाला जमत न्हाई म्हणून त्याला कायलीत घातलं.’ गुऱ्हाळावरची गूळ शिजवायची काहील. तिची होडी केली, आत रेडकू बसवलं आणि दोघांनी ढकलत माळावर नेलं. हे त्यानं स्वतः डोळ्यांनी बघितलेलं, पण कुणीतरी विचारेपर्यंत ते लिहिण्यासारखं आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

दुसरी नोंद 40 ओळींची झाली. ती त्यानं तीनदा लिहिली, आणि एकदाही मी सांगितलं नाही. काहील केवढी असते हे पुण्यातल्या माणसाला कळणार नाही म्हणून दोरीनं मोजून आला. दावं आणि कासरा यांतला फरक खाली लिहिला. ‘मग’ हा शब्द अकरा वेळा आलाय हे त्याचं त्यालाच दिसलं. परिच्छेद का पाडायचा हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर सांगत आले. त्याला ते त्या आठवड्यात कळलं, कारण त्याचा वाचणारा खरा होता आणि त्याला काही माहीत नव्हतं.

शिक्षक-खोलीत पहिला आक्षेप आला तो बोलीवर. ‘भिताड’, ‘वढली’ हे असं जगासमोर ठेवायचं का? माझं मत पक्कं आहे. आज्जाच्या तोंडचं वाक्य आज्जाच्याच भाषेत राहणार. बाकीच्या मजकुरात प्रमाण लेखन कसं करायचं ते आम्ही बसून ठरवतो, आणि पोरांना दोन्ही येतं. बोली खोडून टाकली की पोरगं पुन्हा मोराकडं पळतं.

ही कल्पना इंटरनेटबरोबर आली असंही नाही. फ्रान्समध्ये सेलेस्ताँ फ्रेने नावाचे खेड्यातले शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेली, वर्गात फार वेळ बोलता यायचं नाही. 1920 च्या दशकात त्यांनी वर्गात हाताची छोटी छपाई आणली. पोरं आपापल्या गावचं लिहायची, अक्षरांचे खिळे जुळवायची, छापायची आणि तो मजकूर टपालानं दूरच्या शाळेतल्या पोरांना जायचा. तिकडून त्यांचा यायचा. आणि आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटील होत्या. 1985 मध्ये त्यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि वर्गात काय घडतं हे त्या मनापासून लिहीत राहिल्या. शिक्षकानं स्वतःच्या वर्गाबद्दल लिहायचं असतं, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

आता शिक्षकांबद्दल, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जून 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासन निर्णय आला, तंत्रस्नेही शिक्षक हा शब्द रुळला आणि जिल्हा परिषदेच्या किती तरी गुरुजींनी रात्री जागून ब्लॉग उभे केले. त्या कष्टांचा मला आदर आहे. शासन निर्णय, प्रश्नपत्रिका, कवितांच्या चाली, सगळं एका जागी मिळायला लागलं. पण मी त्यातले बरेच वाचले आणि एक गोष्ट शोधत राहिले, ती क्वचितच सापडली: आज माझा तास फसला, का फसला.

मी तेच लिहायला घेतलं. कर्मणी प्रयोगाचा तास. व्याख्या पोरांना तोंडपाठ, उदाहरण समोर आलं की सगळे गप्प. जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं. शाहूवाडीकडच्या एका सरांनी खाली लिहिलं, व्याख्या बाजूला ठेवा, कर्म बदलून बघायला लावा. पोरानं आंबा खाल्ला. पोरानं भाकरी खाल्ली. पोरानं केळं खाल्लं. क्रियापद कुणामागं पळतंय ते पोरांनाच शोधू द्या. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत वर्गानं सांगितलं, ‘मॅडम, खाणारा बदलला तरी काय होत न्हाई, खायचं बदललं की बदलतंय.’ सोळा वर्षं मी हा धडा उलट्या बाजूनं शिकवत होते. तास फसल्याचं लिहिलं नसतं तर आजही तसाच शिकवला असता.

काळजी घ्यावी लागते, त्यात हयगय नको. ब्लॉग माझ्या खात्यावर आहे. पोरांचं आडनाव नाही, फोटो नाही, पत्ता नाही. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक पोरगं बालक धरलंय आणि पालकांची संमती लागते. ती आम्ही पालकसभेत समजावून, लेखी घेतो. प्रतिक्रिया आधी माझ्याकडं येतात, मग दिसतात. कुणी पोराच्या भाषेवर घाणेरडं लिहिलं तर ते पोरापर्यंत जात नाही. पोरं मजकूर वहीत लिहितात, टाइप शाळेत होतो, त्यामुळं घरी मोबाइल द्यावा लागत नाही.

‘पोर्शन कधी संपवणार?’ हे मला आधीच्या एका शाळेत ऐकवलं गेलं आणि तिथला एक उपक्रम बंद करावा लागला. त्याचं दुःख अजून आहे. ब्लॉगला आठवड्यातला एक तास लागतो, तो निबंधाचाच तास असतो. आणि आता तर मोबाइलला सांगितलं की मोराचा निबंध अर्ध्या मिनिटात तयार मिळतो. विटकरीची रेघ त्याला कुठून सुचणार? ती त्या एकाच भिताडावर होती.

आपल्या जिल्ह्यातल्या ज्या शिक्षकांना सुरू करायचंय त्यांनी मला इनबॉक्समध्ये लिहा. मराठी टायपिंगची भीती असेल तर युनिकोड कीबोर्ड टाकून ‘गुऱ्हाळ’मधला ऱ्हा कसा काढायचा इथपासून दाखवते. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी मोकळी असते. येताना पोरांच्या तीन वह्या आणा, आणि तुमच्या स्वतःच्या फसलेल्या एका तासाबद्दल पानभर लिहून आणा.