गेटवर जाऊन कुणी बघितलं?

आज सकाळी साडेसहाला सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. आपलं गेट, अंधार, वॉचमन खुर्चीत मान टाकून झोपलेला आणि त्याच्या पायापासून हातभर अंतरावरून बिबट्या आत शिरतोय. नऊ वाजेपर्यंत एका लोकल वेब चॅनेलने तो 'ठाण्यात थरार' म्हणून लावलासुद्धा. अकराला वॉचमनला सामान उचलायला सांगितलं. नऊ वर्षं इथे आहे तो माणूस.

मी चिडून बाबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू गेटवर जाऊन बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. मीही सकाळपासून फोनमध्येच बघत होते.

मग खाली उतरले. व्हिडिओतल्या गेटला दोन दिवे आहेत. आपल्या गेटचा उजवा दिवा जूनमध्ये टेम्पोने उडवला, तो अजून बसवलेला नाही. पाटीवरचं सोसायटीचं नाव झूम करून बघा, ती अक्षरं कुठल्याच लिपीतली नाहीत. कुणीतरी जुना फोटो घालून एआयकडून बनवून घेतलेला व्हिडिओ आहे हा. कोपऱ्यात वेळ दिसते २:४०. पंपरूममधल्या वहीत त्याच्या अक्षरात लिहिलंय, 'पंप चालू २:३०, बंद ३:०५'. पंपरूम सी विंगच्या मागे आहे. म्हणजे तेव्हा तो खुर्चीत नव्हताच, तुमच्या-माझ्या टाकीत पाणी चढवत होता. हे सगळं कळायला मला पंधरा मिनिटं लागली. चॅनेलकडे पंधरा मिनिटं नव्हती?

२१ सप्टेंबर १९९५ आठवतोय ना? गणपती दूध पितो म्हणून सगळा देश रांगेत उभा होता. बाबा तेव्हा एका छोट्या दैनिकात बातमीदार होते. शाळा सुटल्यावर मला घेऊन ते नौपाड्यातल्या एका देवळात गेले. दोन तास रांगेत. आमची पाळी आल्यावर बाबांनी चमचा माझ्या हातात दिला आणि स्वतः खाली उकिडवे बसले. सोंडेखालून, पोटावरून त्यांनी बोट फिरवलं. बोट ओलं. पांढऱ्या संगमरवरावर दुधाचा पातळ ओघळ दिसतच नव्हता. मग त्यांनी गुरुजींना हळूच विचारलं, "फडकं किती वेळा पिळलंत?" गुरुजी सरळ म्हणाले, "सकाळपासून बादली भरली." नंतर शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं, पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून मूर्तीकडे ओढलं जातं हे समजावून सांगितलं. पण बादलीची बातमी बाबांकडे आदल्या दिवशीच होती. संपादकांनी ती चौथ्या पानावर खाली टाकली. पहिल्या पानावर चमत्कार.

याच बाबांनी मला विज्ञानपट बघायला शिकवलं. यानं, लेझर यांत त्यांना रस नव्हता. त्यात बातमीदार दिसला की ते खुर्ची पुढे ओढायचे. १९७८ साली अमेरिकेत लागलेला 'कॅप्रिकॉर्न वन' आम्ही किती वेळा पाहिला असेल! मंगळावर माणूस उतरल्याचं नाटक नासा पृथ्वीवरच करते. एका तंत्रज्ञाच्या लक्षात येतं, की हे सिग्नल फार जवळून येताहेत. बारमध्ये पूल खेळताना तो हे आपल्या बातमीदार मित्राला सांगतो. मित्र फोन घ्यायला जातो, परत येतो तर हा गायब. घरी जाऊन बघतो तर दार भलतीच बाई उघडते, म्हणते मी इथेच राहते. बाबा तिथे दर वेळी म्हणायचे, "बघ, तो घरी गेला." सगळा सिनेमा त्या घरी जाण्यावर उभा आहे.

मान्य, चंद्रावर कुणी गेलंच नाही म्हणणाऱ्यांना असल्या सिनेमांनी खाद्य मिळतं. मिळू दे. ते लोकही कधी कुठे जाऊन बघत नाहीत.

आणि १९५१चा 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' बघा. परग्रहावरचा माणूस साध्या कपड्यांत गर्दीत उभा आहे. रेडिओचा बातमीदार माइक पुढे करून विचारतो, तुम्हीही घाबरलेले असाल ना? तो शांतपणे सांगायला लागतो, की लोक विचार सोडून भीतीच्या मागे लागतात याची मला भीती वाटते. वाक्य पुरं व्हायच्या आत माइक पुढच्या माणसाकडे! पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा हा प्रसंग, आणि आज दुपारी आपल्या गेटवर अक्षरशः हेच झालं. चॅनेलचा मुलगा एकदाचा आला. वॉचमन सांगत होता, "मी पंपावर होतो." मुलाने माइक काढून वरच्या मजल्यावरच्या काकूंपुढे धरला, कारण त्या रडत होत्या.

संताप होतो माझा. 'द रनिंग मॅन'मध्ये जमावावर गोळ्या झाडायला नकार देणाऱ्या पायलटलाच काटछाट केलेल्या फुटेजमधून खुनी ठरवतात. १९८७चा सिनेमा, गोष्ट २०१७ची. लहानपणी वाटायचं, एवढं खोटं दाखवायला केवढी यंत्रणा लागेल! आता एक मोबाइल लागतो.

हो, बिबटे येतात. येऊरचं जंगल आपल्या पाठीशी आहे, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तर भर शहरात मॉलमध्ये शिरला होता. लोकांना भीती वाटली यात त्यांची चूक नाही. त्या मुलावरही माझा आता तेवढा राग नाही. विशी-बाविशीचा असेल, दिवसाला किती व्हिडिओ टाकायचे हे त्याला वरून ठरवून दिलेलं असणार. त्याला कुणी कधी रांगेत घेऊन गेलं नसेल, खाली उकिडवं बसायला शिकवलं नसेल. मला एक माणूस मिळाला होता.

संध्याकाळी बाबांना पंपाच्या वहीचा फोटो पाठवला. त्यांचे डोळे आता अधू झालेत, त्यांनी शेजारच्या मुलाकडून वाचून घेतला. मग फोन आला, "आधीच्या रात्रींची पानंही बघ. रोज त्याच वेळेला पंप लावतो का ते कळेल." परत गेले. रोज लावतो. गेल्या तीन महिन्यांत एक रात्र चुकलेली नाही, फक्त गणपतीत दोन दिवस दुसऱ्याचं अक्षर आहे.

वही माझ्याकडे आहे. उद्या सकाळी दहाला सोसायटीच्या ऑफिसात कमिटी बसणार आहे. बी आणि सी विंगमधल्यांनी या. वॉचमनलाही मी बोलावलंय, त्याला आधी बोलू द्या.