नको तिथे अनुस्वार

पन्नाशी उलटली की एकेक अवयव स्वतंत्र बाण्याने वागू लागतो, हे ऐकून होतो. गुडघ्यांचं बंड मी मुकाट्याने मान्यही केलं. पण डोळ्यांनी शुद्धलेखनात ढवळाढवळ करावी हे अतीच झालं. 'पिकाला खत घाला' असं वाचत होतो, तेवढ्यात 'ख'च्या डोक्यावर काळा ठिपका येऊन बसला आणि पिकाला खंत घालायची वेळ आली. कागद झटकला, चष्मा दोन्ही बाजूंनी पुसला. ठिपका शांतपणे पुढच्या ओळीवर.

मोठा खट्याळ प्राणी! नीट बघावं म्हणून नजर वळवली, की तोही तेवढाच सरकतो. नजर थांबवली, की सावकाश खाली उतरतो. मागे बारीक शेपूट, मध्ये एक गाठ. कोरा कागद, पांढरी भिंत, उघडं आकाश दिसलं की स्वारी हजर. अंधारात त्याला सुट्टी, पण तेव्हा मान वळवली की डोळ्याच्या कडेला लखकन वीज चमकते.

"वीज चमकली का गं?"

"झोपा आता," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, डोळ्यात झगझगीत उजेड मारला, नजर वर-खाली-डावी-उजवी करायला लावलं. "काका, वयोमानाप्रमाणे होतं." डोळ्यात पारदर्शक जेली असते. जवळजवळ सगळं पाणीच, पण त्यात अतिशय बारीक धागे. वयाबरोबर जेली पातळ होते, धाग्यांचे पुंजके होतात आणि त्यांच्या सावल्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, पडतात. म्हणजे इतके दिवस मी एका सावलीच्या मागे लागलो होतो! पुढे जेली आक्रसून पडद्यापासून सुटते आणि सुटताना त्याला ओढते. पडद्याला ओढ कळत नाही, दुखणं कळत नाही. एकच शिक्का असलेल्या कारकुनासारखा तो येईल त्या अर्जावर 'उजेड' असा शिक्का मारून मेंदूकडे पाठवतो. चष्म्याचा मायनस नंबर मोठा असेल, तर हे सगळं लवकर सुरू होतं.

"पडदा शाबूत आहे. पण ठिपक्यांचा एकदम पाऊस पडला, विजा वाढल्या किंवा कडेने काळा पडदा सरकल्यासारखा वाटला, तर त्याच दिवशी यायचं. उद्यावर टाकायचं नाही." पडद्याला चीर पडली तर वेळेवर लेझरने डागता येते; उशीर झाला तर चिरेतून पाणी मागे शिरतं आणि पडदाच सुटतो.

"आणि या ठिपक्याला औषध?"

"थेंब नाहीत, गोळी नाही. मेंदू हळूहळू दुर्लक्ष करायला शिकतो."

"मग काळजी नाही," बायको म्हणाली. "त्यात ह्यांचा हात कोणी धरणार नाही."