‘नागली खाणाऱ्याला कॅन्सर होत नाही’: एका निवृत्त ग्रामसेवकाचं उत्तर

नाशिकला आमचा सकाळी फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. गेल्या आठवड्यात त्यावर एकच मेसेज तिघांनी टाकला, आणि चौथ्यांदा तो माझ्या पुण्याच्या मेहुण्याकडून आला. मजकूर थोडक्यात असा: केरळ, पंजाब आणि ईशान्येकडचे म्हातारे कॅन्सरने पटापट जातात, कारण त्यांचं खाणं बिघडलंय. मराठवाड्यातले ज्वारी खाणारे आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याचे नागली (म्हणजे नाचणी) खाणारे म्हातारे मात्र कॅन्सरने मरत नाहीत, हे सरकारी आकडेच सांगतात. निफाड-दिंडोरीचे म्हातारे द्राक्षाच्या फवारणीने चाललेत. आजोबांच्या काळी हा रोगच नव्हता. आणि सत्तरी ओलांडली की तपासणीच्या फंदात पडू नका, सुई लागली की तो पसरतो. खाली हात जोडल्याची सात-आठ चित्रं.

मी डॉक्टर नाही. पण २७ वर्षं ग्रामसेवक होतो, त्यातली बरीचशी पेठ आणि दिंडोरी तालुक्यांत गेली. गावचा ग्रामसेवक जन्म-मृत्यूचा निबंधकही असायचा. म्हणजे मेसेजमध्ये ज्यांना ‘सरकारी आकडे’ म्हटलंय, त्यांतले काही माझ्याच हस्ताक्षरात सुरू झालेत. म्हणून हे लिहितोय.

पेठ-सुरगाण्यापासूनच सुरुवात करतो.

मृत्यूची खबर नमुना नंबर २ मध्ये भरतात. त्यात मृत्यूच्या कारणाचा रकाना असतो, आणि ते कारण डॉक्टरनं प्रमाणित केलंय का, हेही विचारलेलं असतं. पाड्यावर म्हातारी गेली की दोन-तीन दिवसांनी तिचा मुलगा किंवा पोलीसपाटील येणार. “कशानं गेली?” “म्हातारीच होती, साहेब.” मी लिहिणार ‘वृद्धापकाळ’. पोट फुगलेलं होतं, अन्न खाली उतरत नव्हतं, सहा महिन्यांत निम्मी झाली होती, हे सगळं बोलण्यात यायचं. रकान्यात यायचं नाही. एका आजीच्या छातीवर जखम होती, ती वर्षभर लुगड्याखाली फडकं बांधून वावरली. वास येऊ लागला तेव्हा सुनेला कळलं. तिच्याही नावापुढे मी ‘वृद्धापकाळ’च लिहिलं. मुलानं तसं सांगितलं आणि मी खोदून विचारलं नाही. ज्या रोगाचं निदानच झालं नाही, तो रकान्यात कुठून येणार?

हे फक्त आमच्याकडचं नाही. २०२० साली देशभर नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण प्रमाणित केलेले होते साधारण २२ टक्के. बाकी सगळा ‘म्हातारी होती, साहेब’चा कारभार.

दुसरी गंमत. कायद्यानं मृत्यू जिथं घडतो तिथं नोंदायचा असतो, माणूस जिथला असेल तिथं नाही. पेठचा माणूस नाशिकच्या दवाखान्यात वारला तर नोंद महानगरपालिकेत. पंचवटी एक्स्प्रेसनं दादरला उतरून परळच्या टाटा हॉस्पिटलला गेला आणि तिथंच संपला, तर मुंबईत. ज्याचं निदान झालं तो शहरात गेला, ज्याचं झालं नाही तो घरी राहिला. मग गावच्या वहीत कॅन्सर उरेल कसा? नुसत्या मृत्यूच्या दाखल्यांवरून ‘शहरात कॅन्सर, पाड्यावर नाही’ असं म्हणणं म्हणजे बाजार समितीत कांदा दिसतो म्हणून कांदा तिथंच पिकतो म्हणण्यासारखं आहे.

हा घोळ टाळायलाच कॅन्सरच्या वेगळ्या नोंदण्या असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा त्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहिला. त्याचे लोक दवाखाने, प्रयोगशाळा, मृत्यूच्या वह्या असं सगळं पालथं घालतात आणि रुग्णाला त्याच्या राहत्या पत्त्यावर मोजतात. २०२० साली आलेल्या त्यांच्या अहवालात देशातल्या २८ नोंदण्या आहेत. महाराष्ट्रातल्या सात: मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी ग्रामीण आणि उस्मानाबाद-बीड. नाशिकचं नाव त्यात नाही. तेव्हा निफाड विरुद्ध सुरगाणा अशी तुलना त्या अहवालातून काढता येतच नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं ती कुठून काढली ते त्याला विचारा. मी विचारलं होतं, उत्तरादाखल अजून एक हात जोडलेलं चित्र आलं.

मराठवाड्याचा मुद्दा मात्र हवेतला नाही, हे कबूल करायला हवं. त्याच अहवालात पुरुषांचा सर्वांत कमी दर उस्मानाबाद-बीडचा आहे, लाखाला ३९.५. सर्वांत जास्त मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्याचा, २६९.४. जवळपास सातपट. यात वयाचा फरक आधीच काढून टाकलेला आहे, त्यामुळे ‘तिकडे म्हातारे जास्त असतील’ असं म्हणून ही तफावत झटकता येणार नाही. प्रदेशाप्रदेशात खरा फरक असतो. पण हे दर रोग नव्यानं सापडण्याचे आहेत, मरण्याचे नाहीत. मेसेज दोन्ही एकत्र कालवतो.

आणि ज्वारी खाणाऱ्या धाराशिवमध्ये, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, कॅन्सरनं मरत नाहीत? त्याच जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर जगभर गाजलेला एक अभ्यास झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. तिशी ते साठीतल्या एक लाख ३१ हजारांवर बायका त्यात होत्या, खेड्यातल्याच. ज्या गटाची खास तपासणी केली नव्हती, त्या सुमारे ३१ हजार बायकांमध्ये आठ वर्षांत ६४ जणी या एकाच कॅन्सरनं गेल्या. ज्या गटाची हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी फक्त एकदा केली, त्यात हे प्रमाण जवळपास निम्मं झालं. भाकरी दोन्ही गटांच्या ताटात तीच होती.

बार्शीची गोष्टही आप्पांना सांगितली. (आप्पा म्हणजे आमच्या ग्रुपचे मुख्य फॉरवर्डकर्ते, माणूस सोन्यासारखा.) तिथं १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिचे लोक गावोगाव जाऊन विचारत फिरायचे, तेव्हा खेड्यातला कॅन्सर कागदावर आला. तो आधीही होताच.

आता केरळ. इथं वयाचा मुद्दा समजला की निम्मा मेसेज गळून पडतो.

दहा-दहा हजार वस्तीची दोन गावं धरा. पहिल्यात साठीपुढचे २,०००, दुसऱ्यात ५००. दोन्हीकडे म्हाताऱ्यांना कॅन्सरचा धोका अगदी सारखा: वर्षाला शंभरात एक जण जातो. पहिल्या गावात वर्षाला २० तिरड्या, दुसऱ्यात ५. पहिलं गाव ‘कॅन्सरचं गाव’ म्हणून बदनाम होणार, दुसऱ्याची हवा-पाणी चांगलं ठरणार. प्रत्यक्षात फरक इतकाच की पहिल्या गावात माणसं म्हातारी होईपर्यंत जगली. २०११च्या जनगणनेत साठीपुढचे लोक केरळात १२.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ आणि देशात ८.६. म्हणून अभ्यासक सगळ्या प्रदेशांना आधी एकाच ठरावीक वयोरचनेवर बसवतात आणि मग दर काढतात. मेसेजमधलं ‘पटापट जातात’ हे कशावरून काढलं, याचा त्यात पत्ता नाही. शिवाय केरळात डॉक्टरकडे लवकर जाण्याची सवय आहे. जिथं शोधतात तिथं सापडतं.

सापडणं आणि मरणं या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, ते अमेरिकेकडे पाहून कळतं. तिथली लोकसंख्या आपल्या चौथाई. तरी वर्षाला नवे रुग्ण सुमारे २० लाख, मृत्यू ६ लाखांच्या आसपास. आपल्याकडे २०२२च्या जागतिक अंदाजाप्रमाणे नवे रुग्ण १४ लाख आणि मृत्यू ९ लाखांवर. आता कोणत्या देशात कॅन्सर ‘जास्त’ म्हणायचा? रोग त्यांच्याकडे जास्त सापडतो, पण सापडल्यावर हातातून जाण्याचं प्रमाण आपल्याकडे मोठं, कारण माणूस पोचतोच उशिरा.

गाव आणि शहर यांची नीट तुलना हवी असेल तर २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास आहे. त्यात दाखल्यांवर विसंबले नाहीत. घरोघर जाऊन नातेवाइकांना लक्षणं विचारली आणि डॉक्टरांनी त्यावरून कारण ठरवलं. मी त्या आजीच्या मुलाला जे विचारलं नाही, ते यांनी विचारलं. ३० ते ६९ वयात कॅन्सरनं मरणाऱ्या पुरुषांचा दर निघाला खेड्यात लाखाला ९५.६, शहरात १०२.४. बायकांचा खेड्यात ९६.६, शहरात ९१.२. जवळपास सारखाच की! खरी दरी दुसरीकडे होती. सर्वांत कमी शिकलेल्यांमध्ये हा दर सर्वांत जास्त शिकलेल्यांच्या दुप्पट होता. राज्याराज्यांतही मोठा फरक होता: ईशान्येकडच्या पुरुषाला सत्तरीच्या आत कॅन्सरनं जाण्याचा धोका ११ टक्क्यांवर, बिहार, झारखंड, ओडिशात ३ टक्क्यांहून कमी. सत्तरीपुढच्या माणसाबद्दल अशी चौकशी तितकी भरवशाची राहत नाही. एकाच देहात चार दुखणी असतात, नातेवाईक कोणतं सांगणार? आणि मेसेज तर नेमका त्याच वयाबद्दल छातीठोकपणे बोलतो.

ईशान्येचं कारण ‘खाणं बिघडलं’ इतकं मोघम नाही. २०१६-१७च्या तंबाखूच्या देशव्यापी सर्वेक्षणात मिझोराममधले ५८.७ टक्के प्रौढ तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात घेत होते. तिथं तुईबुर म्हणून तंबाखूच्या धुराचं पाणीच तोंडात धरतात. धुरावलेलं मांसही तिथल्या जेवणात फार जुनं आहे, काल-परवा बिघडलेलं नाही. महाराष्ट्रात त्याच सर्वेक्षणात २६.६ टक्के. त्यात ओढणारे अगदी थोडे, बहुतेक सगळे चघळणारे आणि घासणारे. मिसरी म्हटलं की आपल्याकडे कुणी तंबाखू धरतच नाही, ते ‘दात घासणं’ असतं. गंगेकाठच्या राज्यांत पित्ताशयाचा कॅन्सर दक्षिणेपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. म्हणजे प्रदेश बदलला की नुसता दर नाही, अवयवही बदलतो.

द्राक्षाचं बोलायला मला जरा जड जातं. दिंडोरीत मी ऑक्टोबर छाटणीनंतरचे ते दिवस पाहिलेत. डाउनी आणि भुरी या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगांच्या धास्तीनं पाऊस पडून गेला की ट्रॅक्टर निघालाच. फवारणाऱ्या मजुराच्या तोंडाला फार तर गमछा. हे घातक आहे. लिंडेन या कीटकनाशकाला जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्याच वर्षी मॅलाथिऑन हे कीटकनाशक आणि ग्लायफोसेट हे तणनाशक ‘बहुधा घडवणाऱ्या’ गटात गेली. पण इथून ‘निफाडचे म्हातारे फवारणीनं चाललेत’ इथवर उडी मारायला पुरावा लागतो. अमेरिकेत १९९३पासून आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या हजारो फवारणाऱ्या शेतकऱ्यांवर नजर ठेवली आहे. त्यांच्यात एकूण कॅन्सर इतरांपेक्षा कमी निघाला, त्याचं एक मोठं कारण म्हणजे ते विडी-सिगारेट कमी ओढतात. प्रोस्टेटसारखे काही कॅन्सर मात्र जास्त निघाले. म्हणजे उत्तर ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. २०१०मध्ये युरोपनं क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून आपली द्राक्षं अडवली, तेव्हा सगळा जिल्हा हादरला होता. निर्यातीच्या मालाचे अंश तेव्हापासून फार काटेकोर तपासतात. तोंडाला गमछा बांधणाऱ्या मजुराची तपासणी कोण करतं, हा प्रश्न मेसेजमध्ये यायला हवा होता. मेसेजला फक्त खाणाऱ्याची काळजी.

‘आजोबांच्या काळी नव्हता’ याला दोन ओळी पुरेत. सुश्रुतसंहितेत अर्बुदाचं, म्हणजे अशा गाठीचं, वर्णन आहे. आणि १९७०-७५ मध्ये भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान ५० वर्षांच्या आत होतं, आता ते सत्तरीच्या घरात आहे. कॅन्सर गाठायच्या आधीच आजोबांना पटकी, क्षय नाहीतर विंचू गाठायचा.

राहिली सत्तरीनंतरची तपासणी. यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त धोक्याचं. प्रोस्टेटचा कॅन्सर बऱ्याच वेळा इतका सावकाश वाढतो की सत्तरीनंतर काहीही त्रास नसताना त्याची रक्तचाचणी करत बसू नये, असं अमेरिकेतले तज्ज्ञही सांगतात. पण त्रास नसताना केलेली चाळणी वेगळी आणि त्रास सुरू झाल्यावर केलेली तपासणी वेगळी. तोंडात तीन आठवडे न भरणारा फोड, लघवीतून रक्त, पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावर जाणं, घास अडकणं, यात वयाचा प्रश्नच येत नाही. सुई लागली की पसरतो, ही समजूत का टिकली तेही कळतं. आपल्याकडे सुई लागते तीच मुळात रोग पसरल्यावर, आणि मग दोष सुईला.

चाळणीचाही उपयोग वयाप्रमाणे बदलतो. मुंबईत दीड लाख बायकांवर वीस वर्षं चाललेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविका फक्त हातानं स्तन तपासायच्या. यंत्र नाही, काही नाही. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले, पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. निष्कर्ष २०२१मध्ये आले. लुगड्याखाली फडकं बांधणारी ती आजी अशा हाताखालून एकदा जरी गेली असती, तर माझ्या वहीत तिच्यासाठी निदान खरं कारण तरी लिहिलं गेलं असतं.

त्याच नमुना २ मध्ये खाली आणखी चार प्रश्न असतात: धूम्रपान, तंबाखू चघळणं, सुपारी, दारू, सवय असल्यास किती वर्षं? दर मृत्यूला विचारायचे. आप्पांनी परवा मला विचारलं, “मग तू ते भरायचास का रे?” मी सगळीकडे एकच आडवी रेघ मारायचो.