ट्युलिपला पंधरा दिवसांचा फ्रीज पुरत नाही

दिवाळी जवळ आली की एक सल्ला मोबाइलवर फिरू लागतो: ट्युलिपचे कंद पंधरा दिवस फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, मग कुंडीत लावून भरपूर पाणी द्या, दरवर्षी फुलं येतील. कंद स्वस्त नसतात आणि लोक मोठ्या हौसेने घेतात, म्हणून हे खोडून काढायला हवं.

आधी पंधरा दिवसांचं बघू. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याच्या ट्युलिप बागेत कंद ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास जमिनीत जातात. मग चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मिरातल्या सर्वात कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस, बर्फ, आणि मार्चअखेरीस फुलं. ऑक्टोबरात कंद उभा चिरून पाहा. मांसल पापुद्र्यांच्या मधोमध इवलीशी कळी दिसते, पाकळ्या आणि पुंकेसरांसकट. फूल आत घडलेलंच असतं; थंडी लागते ती दांडा लांबायला. त्यासाठी २ ते ९ अंश सेल्सिअसमध्ये १२ ते १६ आठवडे जावे लागतात. घाई केली तर पानं येतात, पण कळी त्यांच्या बेचक्यातच कागदासारखी वाळते, नाहीतर मातीलगत आखूड दांड्यावर कशीबशी उमलते. पुण्याच्या थंडीवरही भिस्त ठेवू नका. रात्री पारा १० अंशांवर आला तरी दुपारी तो तिशीकडे जातो.

‘मग दिल्लीत फेब्रुवारीत कसे फुलतात?’ तिथे नेदरलँड्सहून येणारे कंद आधीच थंडीत ठेवून तयार केलेले असतात. विकत घेताना हेच विचारा. किती आठवडे थंडी मिळाली आहे ते कळलं, तर तेवढे वजा करता येतात.

भाजीच्या कप्प्याचा सल्ला तर घातक आहे. सफरचंद, केळी, पेअर पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि त्याने कंदातली कळी आतल्या आत मरते. कंद कागदी पिशवीत, फळांपासून पूर्ण वेगळे ठेवा. शक्य असेल तर फळंच तेवढे महिने बाहेर राहू द्या.

भरपूर पाण्याने कंद कुजतो. माती नुसती दमट हवी.

राहिलं ‘दरवर्षी’. लावलेला कंद त्या हंगामात संपतो आणि त्याच्या जागी नवे लहान कंद धरतात. ते पोसायला फुलानंतर पानं साधारण सहा आठवडे हिरवी राहावी लागतात. आपल्याकडे मार्चच्या उन्हात ती लवकर पिवळी पडतात, कंद बारीकच राहतात आणि बारीक कंदाला फूल येत नाही. हा माळ्याचा दोष नाही, हवेचा आहे. महाराष्ट्राच्या सपाटीवर ट्युलिप एका हंगामाचा धरूनच पैसे घाला.

तरीही लावायचे असतील तर थंड न केलेले कंद ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच फ्रीजमध्ये ठेवा आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, सावलीत गार राहणाऱ्या कुंडीत लावा. दरवर्षी फुलणारा कंदच हवा असेल तर निशिगंध घ्या.