चाळीसचे बत्तीस

अण्णांच्या कॉम्प्युटरला जुना म्हटलेलं त्यांना खपत नाही. "चालतोय ना? मग जुना कसा?" असा सरळ हिशोब. अण्णा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, मुक्काम रामबाग, इंदूर, आणि कॉम्प्युटर म्हणजे १९९८ साली घेतलेला पेंटियम टू, ६४ एमबी रॅम, विंडोज ९८, वर आत्याने विणलेलं क्रोशाचं कव्हर. त्या कव्हराला पुढून एक आडवी फट आहे, ती उसवलेली नाही, फ्लॉपी घालायला मुद्दाम विणताना सोडलेली आहे.

आता कोणीही म्हणेल की द्या फेकून नि नवा घ्या. पण मंडळाची गणेशोत्सवाची स्मरणिका ह्याच डब्यातून निघते. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्याच काळातलं, त्याला डोंगल लागतो, तो डोंगल मागे प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टात खोचलेला असतो आणि तो नसला तर सॉफ्टवेअर तोंड उघडत नाही. नव्या कॉम्प्युटरला ते पोर्ट शोधून सापडत नाही. बरं फॉन्टही युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांनी मान्य केलेल्या अक्षरांच्या पद्धतीच्या आधीचा, म्हणजे ती फाईल माझ्या लॅपटॉपवर उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी पौंडाची खूण, डोक्यावर टोप्या घातलेले ए आणि ओ, आणि उलटं प्रश्नचिन्ह. आत्याने वाकून बघितलं आणि म्हणाली, "अरे, गणपतीला काय शिव्या दिल्यात ह्या?"

तर ह्या कॉम्प्युटरची ४.३ जीबीची हार्ड डिस्क ऐन जुलैत खट्, खट्, खट् असा आवाज करायला लागली. कधी चालू व्हायची, कधी नाही. अण्णांचा फोन आला, "बाळ्या, मास्टर फेल झालाय म्हणतंय. आमच्या वेळी विद्यार्थी फेल व्हायचे." पडद्यावर 'प्रायमरी मास्टर हार्ड डिस्क फेल' आलेलं होतं. गणपती दीड महिन्यावर, स्मरणिकेच्या जाहिरातींचे पैसे मंडळाने घेऊन टाकलेले, आणि त्या जाहिराती डिस्कच्या आत.

सिल्वर मॉलला गेलो. इंदूरात कॉम्प्युटरचं काहीही हवं असलं की माणूस पहिल्यांदा तिथेच जातो. काउंटरवर विशी-बाविशीचा मुलगा. म्हटलं आयडीई, म्हणजे जुन्या जोडणीची हार्ड डिस्क हवी आहे. त्याने शेजारच्याकडे बघितलं, शेजारच्याने वरच्या फळीकडे बघितलं, आणि मग दोघांनी मिळून माझ्याकडे बघितलं. "भिया, एसएसडी डलवा लो ना, मक्खन चलेगा." मी म्हटलं पट्टीवाली केबल, चाळीस पिना. तो म्हणाला, "अपन के पास सब है, बस वो नी है." ह्यात त्याची काय चूक म्हणा, आयडीईची जागा घेणाऱ्या साटा डिस्क बाजारात आल्या २००३ च्या सुमारास, तेव्हा हा पोरगा फार तर दुपट्यात असेल.

मग एका जाणकाराने सांगितलं की साटाची आयडीई करणारा छोटा अडॅप्टर मिळतो, १२० जीबीची एसएसडी घ्या, मधे अडॅप्टर लावा, झालं काम. ऐकायला छान वाटतं. पण केबल जुळली म्हणजे काम झालं असं जुन्या कॉम्प्युटरात कधीच नसतं, खरी अडवणूक आत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होऊन डिस्क ओळखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बसलेली असते, आणि हे जरा सविस्तर सांगतो कारण ह्यावर माझा राग आहे.

काय आहे, की प्रत्येक काळात कोणीतरी हुशार इंजिनियर बसून ठरवतो की एवढी जागा म्हणजे डोक्यावरून पाणी, ह्याच्यापुढे कोणाला काय लागणार. सुरुवातीला बायोसचे आणि डिस्कचे आकडे एकत्र बसवले तेव्हा १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर (डिस्कवरच्या जागेचा पत्ता ह्या तीन आकड्यांत) एवढंच दोघांना मिळून मोजता येत होतं, एका सेक्टरचे ५१२ बाइट धरून गुणाकार केला की ५२८ एमबी. संपलं. त्याच्यापुढची डिस्क लावली तरी दिसणार ५२८. मग पळवाट काढली, तर ती ८.४ जीबीला अडकली. मग आणखी एक, तर ३३.८ जीबीला. मग सेक्टरचा नंबर लिहायला २८ बिट दिले, तर ते १३७ जीबीला भरले, आणि तेव्हा विंडोज एक्सपीला सर्व्हिस पॅक वन टाकल्याशिवाय पुढची जागा धड वापरता येईना. पार्टिशनचा जुना तक्ता २.२ टीबीला थांबतो ते वेगळंच. म्हणजे दर दोन-चार वर्षांनी तीच भिंत, फक्त थोडी पुढे सरकवून बांधलेली, आणि दर वेळी बांधणाऱ्याला खात्री की ही शेवटची. आपल्याकडे मुलाचा स्वेटरसुद्धा दोन वर्षं वाढत्या अंगाचा विणतात हो.

अण्णांचा कॉम्प्युटर ३३.८ वाला निघाला. त्या काळातल्या पुष्कळ बायोसना सिलिंडरचा आकडा ६५,५३५ च्या वर गेला की हिशोबच येत नाही. आणि गंमत अशी की हिशोब येत नाही असं ते सांगतसुद्धा नाही. 'डिटेक्टिंग' असं लिहितं आणि बसून राहतं. एरर नाही, बीप नाही. कीबोर्ड बडवा, देवाचं नाव घ्या, ते आपलं डिटेक्टिंग. मला एरर देणारी मशीन परवडते, निदान भांडायला काहीतरी हातात असतं.

ह्याच्यावर राजमार्ग म्हणजे बायोस अपडेट. तो फ्लॉपीवरून करतात. त्यासाठी मदरबोर्डच्या कंपनीची फाईल लागते आणि ती कंपनी आता ह्या जगात नाही. समजा फाईल मिळाली, तरी अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड कायमचा निजतो, आणि इंदूरला जुलैत आभाळ भरून आलेलं असताना हा जुगार खेळणाऱ्या माणसाला माझा दुरूनच नमस्कार.

म्हणजे काय, तर मला बाजारात चांगली डिस्क शोधायची नव्हतीच, पुरेशी वाईट शोधायची होती. हे दुकानदाराला समजावणं महाकठीण. "इससे छोटी नी है?" असं हार्ड डिस्कबद्दल विचारणारं गिऱ्हाईक त्यांच्या आयुष्यात पहिलंच असावं. शेवटी एका जुना माल विकणाऱ्याकडे, पोत्यात भरलेल्या एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारे डबे, आणि सीडी ड्राइव्हच्या खाली, चाळीस जीबीची आयडीई डिस्क मिळाली. पाचशे रुपये. वीसची नव्हती. "चालीस है, चालू है, गारंटी यहाँ से दरवाजे तक की."

चाळीस म्हणजे तेहतीसच्या वरच, पण मी हिच्याकडे बघूनच घेतली, कारण डिस्कच्या लेबलवर जंपरचा नकाशा छापलेला होता आणि त्यात एक चित्र क्षमता कमी करायचं होतं. आठवतंय का कोणाला? पॉवरच्या आणि डेटाच्या जागेच्या मधे बारीक पिनांची दुहेरी रांग असते, तिच्यावर करंगळीच्या नखाहून लहान असा प्लॅस्टिकचा तुकडा बसवायचा, आत धातूची पट्टी असते, ती दोन पिना जोडते. एका जागी बसवला की मास्टर, म्हणजे केबलवरची पहिली डिस्क, दुसऱ्या जागी स्लेव्ह, म्हणजे दुसरी. आणि काही डिस्कना आणखी एक जागा असते, तिथे बसवला की चाळीसची डिस्क बायोसला शपथेवर सांगते की मी ३३.८ चीच आहे. पूर्वी एस.टी.त चांगलं मिसरूड फुटलेल्या पोराला मांडीवर घेऊन आई कंडक्टरला "अर्धं तिकीट, अजून बारा पूर्ण नाहीत" सांगायची, अगदी तसं.

अडचण एवढीच की डिस्कबरोबर जंपर एकच आला होता आणि मला दोन हवे होते, एक मास्टरचा आणि एक खोटं बोलायचा. आता हा जंपर कुठल्याही दुकानात मागून बघा. पन्नास हजाराचं ग्राफिक कार्ड मिळेल, पंचवीस पैशांचा जंपर मिळणार नाही. शेवटी एका मेलेल्या सीडी ड्राइव्हच्या मागचा काढला. म्हणजे अण्णांनी काढला, आत्याच्या भुवयांच्या चिमट्याने. तो सुटला आणि उडून सतरंजीवर पडला. सतरंजी निळी-काळी पट्ट्यांची, जंपर काळा. घरातली चार माणसं गुडघ्यांवर, अण्णा बॅटरी घेऊन पलंगाखाली, आणि नेमका तेव्हाच मंडळाचा खजिनदार आला. त्याने दारातून विचारलं, "काय हरवलंय? सोनं आहे का?" अण्णा पलंगाखालूनच ओरडले, "त्याहून वाईट! पाय उचल!" त्याच्या चपलेलाच चिकटलेला होता.

मधे आत्याचं चालूच, "अरे काय करून राहिले तुम्ही दोघं, सकाळी गाडी येते ना, तिच्यात ई-वेस्टचा वेगळा खण असतो, त्यात घाला आणि पोहे खायला या." इंदूर स्वच्छतेत पहिलं येतं त्यात आमच्या आत्याचा वाटा फार मोठा आहे. घरात तीन दिवस न हललेली कुठलीही वस्तू, आणि त्यात अण्णाही आले, तिला सुका कचराच दिसते.

जंपर बसवला. पट्टीवाल्या केबलची लाल कड पॉवरच्या बाजूला, आणि मधली एक पीन नसते तिथे केबलचं भोक बुजवलेलं असतं ते बघून घट्ट दाबली. चालू केलं. डिटेक्टिंग... आणि दिसली! अण्णांनी टाळी वाजवली. जुनी डिस्क तेवढ्यापुरती स्लेव्ह करून शेजारी लावली, अजून खटखटत होती पण अधूनमधून वाचत होती. फ्लॉपीवरून डिस्कचे भाग पाडणारं एफडिस्क चालवलं, त्याने विचारलं की मोठ्या डिस्कचा सपोर्ट हवा का, इथे वाय म्हणायचं, एन म्हटलं तर एकेक पार्टिशन दोन जीबीचं आणि सी पासून सुरू झालेली बाराखडी आर पर्यंत जाते. मग विंडोज ९८ घातलं. मग कॉपी. ती विंडोजच्या आतूनच करायची, डॉसमधून केली की लांब नावं तुटतात, अण्णांच्या 'व्याख्यानमाला'चं 'व्याख्य~१' होऊन बसतं, आणि अशा पंचवीस वर्षांच्या फाईली असल्या की कुठली व्याख्या कुठल्या सालची ते ब्रह्मदेवाला कळणार नाही. रात्रभर कॉपी चालली. पाठवणीच्या वेळी रडावं तशी जुनी डिस्क मधे मधे थांबत होती, पण पोचली. डोंगल खोचला, सॉफ्टवेअर उघडलं, गणपतीच्या शिव्या जाऊन 'श्री गणेशाय नमः' आलं. आत्याने मशीनला हळदकुंकू लावलं, कव्हर घातलं.

पण अण्णा ते अण्णा, नोकरीभर ऑडिट केलेला माणूस. माय कॉम्प्युटर उघडून राइट क्लिक, प्रॉपर्टीज. "बाळ्या, हे ३१.५ म्हणतंय. आपण पैसे किती जीबीचे दिले?"

मी सांगितलं की ३३.८ हे हजाराच्या हिशोबाने, विंडोज १०२४ च्या हिशोबाने मोजतं म्हणून ३१.५ दिसतं, आणि वरचं जे गेलं ते जंपरमुळे. "म्हणजे जागा आहे, पण आपल्याला मिळत नाही." हो. "आणि पैसे घेतले." हो. ह्यावर एक उपाय असतो, डिस्कच्या सुरुवातीलाच एक छोटं सॉफ्टवेअर बसवतात, ते बायोसला बाजूला सारून पूर्ण जागा वापरायला देतं, पण मग फ्लॉपीवरून मशीन चालू केली की सगळी डिस्क रिकामी किंवा भलतीच दिसते. अण्णांच्या घरात फ्लॉपीसाठी कव्हराला फट विणलेली आहे. हा उपाय मी त्यांना सांगितलेला नाही, आणि तुम्ही कोणी रामबागेत राहत असाल तर कृपा करून सांगू नका.

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः रिक्षाने त्या दुकानात गेले. हातात वही, वहीत आकडेमोड, चाळीसला पाचशे तर साडेआठला किती, एकशे सहा रुपये पंचवीस पैसे. दुकानदाराने सगळं शांतपणे ऐकलं, वही बघितली, आणि पैसे काही सुटत नाहीत म्हटल्यावर गल्ल्यातून एक वापरलेला पेन ड्राईव्ह काढून दिला. "लो काका, पूरे आठ जीबी. आधे की तो अब चाय पिला दो."

अण्णा विजयी मुद्रेने घरी आले. संध्याकाळी मला फोन. "पेन ड्राईव्ह मागे लावला रे, तर विंडोज म्हणतंय ह्याचा ड्रायव्हर द्या. कुठे मिळतो हा ड्रायव्हर?"

"नेटवर मिळतो अण्णा."

"मग तो आपल्या कॉम्प्युटरात आणायचा कसा?"

"पेन ड्राईव्हनेच आणतात, पण..."

"अरे वा, तो तर आहे आपल्याकडे!"