पात्रता नावाची देवी

सकाळी वहिनीने घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. पहिली-दुसरीतलं पोरगं, नाक वाहतंय. मागून बाई विचारतात, 'शेतकऱ्याचा मित्र कोण?' पोरगं म्हणतं, 'शेजारचे अण्णा. पप्पांकडं पैसे नसले तरी ट्रॅक्टर देत्यात.' त्यावर बाई अशा हसतात की मोबाईल हलतो. खाली आमच्या अख्ख्या खानदानाचे हसून रडणारे चेहरे.

अरे, चुकलं काय त्याचं? गांडूळ उधारीवर नांगरट करून देतं का?

मला माझी तिसरी आठवली. वाई तालुक्यातली शाळा, मांढरदेवच्या काळूबाईचा मुलूख. शेजारच्या काकूंच्या अंगात यायचं. केस मोकळे, कपाळभर कुंकू, एरवी सासूपुढे मान वर न करणारी बाई घुमायला लागली की सासूच पाया पडायची. आणि शाळेत रोज हात पुढे करून आम्ही म्हणायचो, 'त्या परंपरांचा पाईक होण्याची पात्रता माझ्या अंगी यावी'. झालं! मी धरून चाललो की पात्रता ही देवी आहे. रोज त्या ओळीला डोळे घट्ट मिटायचो. कधी येते बघू.

वर्षभर आली नाही, तेव्हा बाईंनाच विचारलं, 'बाई, पात्रता कुठल्या गावची देवी?'

बाईंनी शेजारच्या वर्गावरच्या गुरुजींना हाक मारून मला तेच पुन्हा बोलायला लावलं. दोघं पोट धरून हसले. सातवीपर्यंत माझं नाव 'पात्रता'. अर्थ? तो कुणीच सांगितला नाही. पुढे पेपरातल्या जाहिरातीत 'शैक्षणिक पात्रता : दहावी पास' वाचलं तेव्हा कळला. देवीची पार रया गेली.

(ही प्रतिज्ञा मूळ तेलुगू. १९६२ साली पी. व्ही. सुब्बाराव यांनी लिहिली, विशाखापट्टणमला ट्रेझरीत अधिकारी होते. मराठीत 'अंगी यावी' करणाऱ्याच्या डोक्यात आमच्या शेजारच्या काकू नसणार, हे मान्य.)

माझ्या वेळी निदान मोबाईल नव्हते. माझी फजिती सातवीत संपली, या पोराची त्याच्या लग्नापर्यंत फिरेल. मला राग त्याचा येतो. लेकरू तुमच्यावर विश्वास टाकून मनातलं बोलतं आणि तुम्ही कॅमेरा लावता?

हे सगळं याच शब्दांत ग्रुपवर लिहिलं. वहिनी स्वतः जिल्हा परिषदेची शिक्षिका. फोनच आला. 'भावजी, दोन वर्ग एकटी सांभाळते, वर पोषण आहार, वर रोजची ऑनलाइन माहिती. एखाद्या दिवशी हसलं माणूस, तर काय फाशी द्याल?'

ठीक आहे. आमच्या बाईंपुढेही साठ पोरं होती, आणि त्या पायी घाट उतरून यायच्या. पण अर्थ सांगायला मिनिट लागलं असतं. एक मिनिट!

वहिनीवर जास्त ओरडवलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. वीस वर्षं शिकवून ही बाई आता रात्री भांडी घासून झाली की बालमानसशास्त्राचं गाईड उघडते. परीक्षेचं नाव शिक्षक पात्रता परीक्षा.

दुपारी तिने व्हिडिओ काढून टाकला. मग मला वेगळा मेसेज, 'भावजी, तुमच्या त्या देवीला माझ्या अंगात यायला सांगा की.'

नवस काय बोलायचा, ते विचारलंय तिला.