बिनगिअरच्या सायकलवरचे आरोप आणि चक्राच्या दात्यांचा हिशोब

सायकलने कामावर जायचं ठरवलं की एक ठरावीक सल्ला लगेच मिळतो. तो फोनवरून पुढे पाठवला जातो, दुकानातला विक्रेता तोच सांगतो आणि कधी सायकल न चालवलेला शेजारीही तोच ऐकवतो. सल्ला असा: रोजच्या प्रवासाला किमान २१ गिअर हवेत. बिनगिअरच्या सायकलने वेग मिळत नाही, गुडघे जातात, फ्लायओव्हर आला की उतरून ढकलावी लागते. आणि ती तर पाय थांबवता न येणारी, ब्रेक नसलेली, हौशी पोरांची सायकल.

मी पुण्यात बरीच वर्षं बिनगिअरच्या सायकलने कामावर जातो. या सल्ल्यापायी ऐपतीबाहेरची सायकल घेतलेली आणि पहिल्या पावसाळ्यानंतर ती जिन्याखाली धूळ खात पडलेली मी अनेकांकडे पाहिली आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

शेवटचा आरोप आधी, कारण तो सरळ गैरसमजाचा आहे. पाय थांबवता येत नाहीत ती फिक्सी. तिच्या मागच्या चाकाला दातेरी चक्र पक्कं बसवलेलं असतं, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पायडल फिरतच राहतं. साध्या बिनगिअरच्या सायकलला मागे फ्रीव्हील असतं. पाय थांबवले की ते टकटक वाजत राहतं आणि सायकल आपली पुढे जाते. दूधवाल्याची, पोस्टमनची, मुंबईच्या डबेवाल्याची काळी सायकल हीच. कामावर जायला फिक्सी मी कुणालाही सुचवणार नाही, आणि दोन्ही चाकांना ब्रेक नसलेली कुठलीच सायकल आपल्या रस्त्यांवर आणू नये. पण फिक्सीचे दोष बिनगिअरच्या सायकलीच्या माथी मारणं चूक आहे.

आता २१ गिअर. हा आकडा म्हणजे पुढची, पायडलजवळची ३ चक्रं गुणिले मागच्या चाकावरची ७. स्वस्त गिअरच्या सायकलींवर नेहमी दिसणारी जोडणी घेऊ: पुढे ४८, ३८ आणि २८ दाते, मागे १४, १६, १८, २०, २२, २४ आणि २८. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागलं की पायडलच्या एका फेऱ्यात चाक किती वेळा फिरतं ते कळतं. ४८ भागिले २८ म्हणजे १.७१. ३८ भागिले २२ म्हणजे १.७३. २८ भागिले १६ म्हणजे १.७५. गिअर तीन, पायाला जाणवणारा जोर जवळपास एकच. ४८ भागिले २४ आणि २८ भागिले १४, दोन्ही बरोबर २. अशी सगळी पुनरावृत्ती वगळली तर खरोखर वेगळे गिअर बारा-चौदाच उरतात, आणि त्यातलेही टोकाचे, चेन तिरकी धावते असे गिअर चेनवर ताण येतो म्हणून वापरू नयेत असं सांगितलं जातं. गिअरच्या सायकलचा खरा फायदा या आकड्यात नसून पल्ल्यात आहे: सर्वांत हलका गिअर १.०, सर्वांत जड ३.४३. हा पल्ला खरा आहे आणि काही रस्त्यांवर तो लागतोच. तुमच्या रस्त्याला लागतो का, एवढंच ठरवायचं आहे.

वेगाचा मुद्दा पटकन संपतो. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरा, बसणं ताठ, रस्ता सपाट, वारा नाही. ताशी २२ किलोमीटर वेग ठेवायला साधारण ११० वॅट लागतात. ताशी ३५ किलोमीटरला सुमारे ३४० वॅट, कारण हवेला तोंड द्यायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ११० वॅट धडधाकट माणूस सरावाने देऊ शकतो, ३४० वॅट हा शर्यतवाल्यांचा प्रांत. ३.४३चा गिअर सायकलला असला म्हणून ती शक्ती पायात येत नाही. तो उतारावर कामाला येतो, आणि उतारावर मी पाय थांबवून बसतो. शहरात तर पोहोचायची वेळ सिग्नल ठरवतात.

गुडघ्यांचा आरोप मात्र गांभीर्याने घ्यायला हवा, कारण त्यात तथ्य आहे. बिनगिअरच्या सायकलवर गुडघे दुखलेली माणसं मलाही भेटतात. त्यांच्याशी बोलताना मी सायकल आडवी करून दाते मोजायला लावतो. बहुतेक वेळा पुढे ४४ किंवा ४६ आणि मागे १६ निघतात. अनेक तयार सायकली अशाच जोडणीने येतात. सपाट, मोकळ्या रस्त्यावर चाचणीला ही जोडणी झकास वाटते. कामाच्या रस्त्यावर दर दोनशे-तीनशे मीटरला थांबून पुन्हा निघायचं असतं, तिथे ती छळते.

हिशोब असा. ७०० बाय ३२ मापाच्या टायरचा घेर साधारण २.१५५ मीटर. ४४ भागिले १६ म्हणजे २.७५, तेव्हा पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.९३ मीटर जाते. ताशी १५ किलोमीटरच्या गर्दीतल्या वेगाला पाय मिनिटाला जेमतेम ४२ फेरे घेतात. कमी फेरे म्हणजे प्रत्येक फेऱ्यात जास्त दाब, आणि तो दाब गुडघ्याच्या वाटीवर येतो. मागचं १६चं फ्रीव्हील काढून १८चं लावलं तर एका फेऱ्याला ५.२७ मीटर, आणि प्रत्येक दाबाला लागणारा जोर ११ टक्क्यांनी कमी. २०चं लावलं तर ४.७४ मीटर आणि जोर २० टक्क्यांनी कमी. वेग फार जातो म्हणावं तर तसंही नाही. ४४ आणि १८ दात्यांवर मिनिटाला ६० फेऱ्यांना ताशी १९ किलोमीटर मिळतात, ८० फेऱ्यांना २५. कामावर जायला याहून जास्त कशाला हवं?

एकेरी फ्रीव्हील काही शे रुपयांत मिळतं. तरी सल्ला देणारा कुणीही म्हणत नाही की दोन दाते वाढवून बघ. तो थेट सायकल बदलायला सांगतो. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

गुडघे दुखण्याचं दुसरं कारण सीटचं. आपल्याकडे बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवायची सवय आहे. तशा सीटवर गुडघा फेऱ्याच्या वरच्या टोकाला फार दुमडतो आणि त्याच स्थितीत जोर लावावा लागतो. टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना चवडा पायडलवर आला की गुडघ्यात थोडासा बाक राहतो, तो योग्य. सिग्नलला मात्र सीटवरून पुढे उतरून उभं राहावं लागेल, आणि त्याची सवय होते. हे सगळं गिअरच्या सायकललाही तितकंच लागू आहे. खाली ठेवलेल्या सीटवर २१ गिअरही गुडघे वाचवत नाहीत. ज्यांचे गुडघे आधीच दुखावलेले आहेत त्यांनी मात्र हलके गिअर असलेलीच सायकल घ्यावी आणि त्याआधी डॉक्टरांना विचारावं. त्यांना मी बिनगिअरचा आग्रह करणार नाही.

आता चढ. ‘फ्लायओव्हरवर ढकलावी लागते’ या विधानाला भावनेने उत्तर देण्यात अर्थ नाही, इथेही आकडेच मांडावे लागतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत सपाट मुलुखातल्या रस्त्यांसाठी नेहमीचा चढ ३० मीटरला १ मीटर धरलेला आहे आणि मर्यादा २० मीटरला १ मीटर. पुन्हा तेच ८५ किलो, १७० मिलिमीटरचा क्रँक (पायडल जोडलेला दांडा), डांबरी रस्ता. वेग कमी म्हणून हवेचा विरोध हिशोबात धरत नाही. ४४ आणि १८च्या जोडणीवर ३०ला १च्या चढावर पायडलवर सरासरी १७ किलोंचा दाब द्यावा लागतो. २०ला १च्या चढावर २४ किलोंचा. फेऱ्यात दाब सारखा नसतो, क्रँक आडवा असताना तो सरासरीच्या दीडपट किंवा थोडा जास्त होतो, म्हणजे ३८ किलो धरा. ७० किलोंच्या माणसाने सीटवरून उठून नुसतं अंग टाकलं तरी एवढा दाब मिळतो. फ्लायओव्हरचा चढ काहीशे मीटरांचा. तो उभ्याने, संथ लयीत निघतो. दम लागतो आणि वर पोहोचेस्तोवर उतार सुरू होतो. मागे १६ दाते असले तर तोच सरासरी दाब २४वरून २७ किलोंवर जातो. ढकलत नेणाऱ्यांपैकी कितीजण या तीन किलोंमुळे हरतात, हे दाते मोजल्याशिवाय कळणार नाही.

१०ला १च्या चढावर चित्र पालटतं. ४४ आणि १८वर सरासरी ४५ किलो, क्रँक आडवा असताना ७१. ७० किलोंच्या माणसाचं सगळं वजन टाकूनही पुरत नाही, हँडल खेचून भर घालावी लागते. असा चढ पन्नास मीटरचा असेल तर ठीक, रोजचा अर्धा किलोमीटर असेल तर नाही. म्हणून स्पष्ट सांगतो: कात्रज किंवा दिवे घाट ओलांडून रोज येणाऱ्याने, पाचगणीत राहणाऱ्याने, पणजीत आल्तिनोवर घर असणाऱ्याने, मागे मूल बसवून चढ चढवणाऱ्याने गिअर घ्यावेत. कोथरूडहून चांदणी चौकाचा चढ रोज चढून पलीकडे जाणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं. पण पुण्याच्या पेठा, डेक्कन, शिवाजीनगर, मुंबईचा बहुतेक भाग, नवी मुंबईचा पाम बीच रस्ता, नागपूर, सोलापूर, सांगली इथल्या रोजच्या आठ-दहा किलोमीटरांना घाटाचा नियम लावायचं कारण नाही.

सायकल शर्यतींच्या इतिहासातली एक गोष्ट इथे नेमकी लागू पडते. टूर द फ्रान्समध्ये चालत्या सायकलवर गिअर बदलणाऱ्या डिरेलरला १९३७पर्यंत परवानगी नव्हती. त्याआधी स्वार आल्प्स आणि पिरिनीज पर्वत चढत ते मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रं लावून. चढाच्या पायथ्याशी उतरायचं, चाक काढून उलटं बसवायचं, जास्त दात्यांचं चक्र चेनला द्यायचं आणि निघायचं. त्यांचे पाय आपल्याला नाहीत, पण दाते रस्त्याप्रमाणे हवेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन्ही बाजूंना आटे असलेला हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, आजही मिळतो. एका बाजूला १८चं आणि दुसऱ्या बाजूला २०चं फ्रीव्हील लावून ठेवलं की सुट्टीच्या दिवशी डोंगराकडे जातानाही तीच सायकल चालते.

देखभालीबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. ‘बिनगिअरच्या सायकलकडे बघावंच लागत नाही’ हेही खरं नाही. पावसाळ्यात गंजलेल्या केबली, गर्दीच्या पार्किंगमध्ये शेजारची सायकल पडून वाकलेलं डिरेलर, चिखलाने अडखळणारे गिअर, यातून सुटका होते हे नक्की. पण चेनचा ताण आपोआप राखणारी स्प्रिंग इथे नसते. चेन सैल पडली की उतरते, आणि भर चौकात ती उतरणं धोक्याचं आहे. मधोमध बोटाने वर-खाली हलवली तर सेंटिमीटरभर हलावी, त्याहून जास्त नाही. क्रँक पूर्ण फिरवत हे तपासा, कारण पुढचं चक्र क्वचितच अगदी गोल असतं. झिजही मोजा: १२ इंचांत चेनचे २४ सांधे बसतात, त्याच २४ सांध्यांना १२ इंच आणि वर एक सोळांश इंच लागू लागला की नवी चेन आणायची तयारी करा. फार ओढलेली चेन नव्या फ्रीव्हीलचे दातेही खाऊन टाकते.

फ्रीव्हील बदलायला दुकानात जाणार असाल तर काही गोष्टी माहीत असू द्या. पायडल मारताना फ्रीव्हील आट्यांवर आणखी घट्ट होत जातं, म्हणून जुनं काढायला त्याच्या खाचांत नेमका बसणारा रिमूव्हर आणि लांब पाना लागतो. हातोडी-छिन्नीने काढू देऊ नका, हबचे आटे जातात. नवं बसवण्याआधी आट्यांना ग्रीस लावायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी निघेल. मागचा एक दाता वाढवला की मागच्या चाकाचा आस साधारण ३ मिलिमीटर पुढे सरकतो. १६चे १८ केले तर ६ मिलिमीटर, एवढी जागा बहुतेक सायकलींच्या मागच्या चिमट्यात, आस बसतो त्या खाचेत असते आणि जुनीच चेन चालते. जागा नसेल तर चेनमध्ये एक इंच, म्हणजे दोन सांधे वाढवा, मग चाक उलट ६ मिलिमीटर मागे जाईल. दोन्ही वेळा चाकाची जागा बदलते, म्हणून ब्रेकचे रबर पुन्हा जुळवून घ्या. ते रिमवरच टेकले पाहिजेत, टायरला घासता कामा नयेत.